डोमेन-नावाचा सातबारा : किती वाचावा, किती मानावा

एखादे संकेतस्थळ खरे की बनावट हे ठरवायचे असेल तर "त्या नावाची नोंदणी तपासून पाहा", असा सल्ला शिक्षकांना आता सर्रास दिला जातो. सायबर सुरक्षेवरच्या व्याख्यानांत तो असतो, प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत असतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. नोंदणी तपासून झाली की माणूस निर्धास्त होतो, आणि निर्धास्त माणसाला फसवणे सोपे असते. म्हणून या लेखात आम्ही त्या नोंदणीच्या माहितीचेच परीक्षण करणार आहोत. ती काय सांगते, काय सांगत नाही आणि कशाचा नुसता आव आणते, हे एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे पाहू.

हा प्रश्न कुठे आणि कोणाला पडतो? शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की डहाणू-तलासरीकडच्या आश्रमशाळांतील मुलांच्या घरी मोबाइलवर दुवे येऊ लागतात. आलेला दुवा घेऊन पालक शिक्षकाकडे येतात आणि विचारतात, "गुरुजी, हे सरकारीच आहे ना?" अर्जात आधार क्रमांक, बँक खाते, जातीचा दाखला असे सगळेच भरायचे असते. घरात इंटरनेट जाणणारा दुसरा कोणी नसला की शिक्षकाचे 'हो' किंवा 'नाही' हाच अंतिम निर्णय ठरतो. तेव्हा ते 'हो' कशाच्या आधारावर म्हणायचे, हा काही केवळ तांत्रिक कुतूहलाचा विषय नाही.

पालघर जिल्ह्यातले हे दोन तालुके आम्ही आणखी एका कारणासाठी निवडले. कागदावरचे नाव आणि प्रत्यक्षातला माणूस यांच्यातले अंतर इथल्या लोकांना जितके माहीत आहे तितके क्वचितच कोणाला असेल. त्याकडे पुढे येऊच. आधी यंत्रणा समजून घेऊ.

इंटरनेटवरचे संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. माणसाच्या लक्षात आकडे राहत नाहीत, म्हणून नावे आली. नावांवरून आकडे शोधून देणारी आजची पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. नोंदवही मात्र तिच्याही आधीची. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट त्या वेळच्या आर्पानेट या जाळ्याची माहिती सांभाळत असे. १९८२ साली तिथूनच 'हूइज' नावाची सेवा लेखी रूपात प्रसिद्ध झाली. हू इज, म्हणजे 'कोण आहे'. जाळे वापरणाऱ्या प्रत्येकाने आपले नाव, पत्ता व दूरध्वनी त्यात नोंदवावा, अशी अपेक्षा होती. जाळे लहान होते, वापरणारे बहुतेक विद्यापीठांतले किंवा लष्करी संशोधनातले. जशी गावातल्या पन्नास फोनधारकांची डिरेक्टरी, तशी ती वही.

तिची रीत फारच साधी होती. ४३ क्रमांकाच्या दारावर जायचे, एक ओळ विचारायची, उत्तरादाखल साधा मजकूर घ्यायचा, दार बंद. विचारणारा कोण, हे कोणी पाहत नसे. उत्तराचा ठरलेला नमुना नव्हता आणि इंग्रजीपलीकडच्या लिपींची सोय नव्हती. आम्ही हे दोष पश्चातबुद्धीने काढत आहोत असे नाही. २००४ साली या पद्धतीचा सुधारित दस्तऐवज निघाला तेव्हा त्यातच या उणिवांची कबुली आहे. तरीही बावीस वर्षांपूर्वीची ती पद्धत पुढे आणखी वीस वर्षे चालली.

यात आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा आहे. भारतासाठीचे 'डॉट इन' हे शेपूट १९८९ साली मिळाले आणि त्याची नोंदणी बरीच वर्षे मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत होत असे. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. नियम कडक होते आणि नावे फार थोडी नोंदली गेली. २००५ च्या जानेवारीत निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या संस्थेच्या देखरेखीखाली नोंदणी सर्वांना खुली झाली. आज कोणीही घरबसल्या, चहा निवायच्या आत, एखादे 'डॉट इन' नाव विकत घेऊ शकतो. सोय झाली खरी. पण सोयीची किंमत कोणती, तेच आपल्याला पाहायचे आहे.

आज एखाद्या नावाची नोंद काढली तर काय दिसते? नाव, ते ज्याच्यामार्फत घेतले त्या विक्रेत्याचे, म्हणजे रजिस्ट्रारचे नाव, नोंदणी झाल्याची तारीख, शेवटच्या बदलाची तारीख, मुदत संपण्याची तारीख, नाव दुसरीकडे हलवायला बंदी आहे की नाही, ते तात्पुरते रोखले आहे काय, अशा स्थितींचे संकेत, आणि त्या नावाचे आकडे सांगणारे सर्व्हर. नोंदणीदाराच्या रकान्यात बहुधा 'गोपनीयतेसाठी झाकले आहे' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. फार तर राज्य आणि देश दिसतो. 'महाराष्ट्र, भारत' एवढे कळले तर माणूस डहाणूचा की गडचिरोलीचा, हे तुम्हीच ओळखायचे! 'कोण आहे' असे नाव धारण केलेल्या सेवेने नेमके तेच सांगू नये, ही गंमत म्हणावी की विटंबना?

जाता जाता एक खुलासा. 'हूइज' हे नाव लोकांच्या तोंडी राहिले असले तरी आतली पद्धत बदलली आहे. २०१५ साली 'आरडॅप' नावाची नवी पद्धत ठरली. 'डॉट कॉम'सारख्या सार्वत्रिक नावांसाठी ती २६ ऑगस्ट २०१९ पासून सक्तीची झाली, आणि २८ जानेवारी २०२५ पासून त्या नावांसाठी जुनी हूइज सेवा चालू ठेवण्याचे बंधन उरलेले नाही. नव्या पद्धतीत उत्तराचा नमुना ठरलेला आहे, वाटेत कोणी मजकूर वाचू नये याची सोय आहे, आणि देवनागरी अक्षरेही धडपणे जाऊ शकतात. विचारणारा कोण यावरून कमी-अधिक माहिती देण्याचीही सोय तिच्यात आहे. तंत्र म्हणून ती उत्तम आहे. पण भांडे घासूनपुसून लख्ख केले म्हणून आतले वरण घट्ट होत नाही.

आता सातबाऱ्याकडे येऊ. ही तुलना आम्ही ओढूनताणून करत नाही. दोन्ही नोंदवह्याच आहेत, दोन्हींत एक वस्तू आणि एक नाव यांची गाठ घातलेली असते, आणि दोन्हींना लोक मालकीचा पुरावा समजतात. शिवाय सातबारा विद्यार्थ्यांनी घरी पाहिलेला असतो.

गाव नमुना सातमध्ये जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, आकार, खातेदारांची नावे आणि 'इतर हक्क' असा रकाना असतो. गाव नमुना बारामध्ये पिके. खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो आणि तो फार मोलाचा आहे. हे नाव इथे कधी व कशामुळे लागले, विक्रीने, वारसाने की कोर्टाच्या हुकमाने, हे त्या क्रमांकावरून सहा नमुन्याच्या वहीत शोधता येते. फेरफार मंजूर होण्यापूर्वी चावडीवर नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण रीत तीच. आणि एवढे सगळे करूनही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ काय म्हणते? ही नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी. म्हणजे कायद्याने सातबाऱ्याला गृहीतकाचा मान दिला, अंतिम सत्याचा नाही.

असा सावधपणा का हवा, हे डहाणू-तलासरीत वेगळे सांगावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या जमिनी बव्हंशी जमीनदार व सावकारांच्या नावे होत्या आणि त्या कसणारे वारली कूळ म्हणून किंवा वेठीवर राबत होते. १९४५ साली किसान सभेने शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली या भागात वेठीविरुद्ध लढा उभारला. तलासरीजवळच्या झरी गावी त्या वर्षीच्या मे महिन्यात भरलेली वारल्यांची सभा हा त्यातला महत्त्वाचा टप्पा. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, १९७४ मध्ये आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तर वनजमिनीचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा असे सांगितले. या साऱ्या कायद्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : कागदावर नाव कोणाचे.

इथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की जमिनीची ती जुनी नोंद अन्यायाची होती, पण उघड होती. सावकाराचे नाव वहीत दिसत होते, म्हणून त्या नावाविरुद्ध दाद मागता येत होती. कुळाची वहिवाट सिद्ध करून नाव बदलून घेता येत होते. नावच झाकलेले असते तर भांडण कोणाशी करायचे?

डोमेन-नावाची नोंद या कसोटीला लावली की तिची खरी कमतरता दिसते. आमच्या मते नाव झाकलेले असणे हा तिचा दुसऱ्या क्रमांकाचा दोष आहे. पहिला दोष असा की तिला फेरफारच नाही. आजची स्थिती तेवढी दिसते. काल हे नाव कोणाकडे होते, परवा कोणाकडे, याची सार्वजनिक वही नाही. काही खासगी कंपन्या जुन्या नोंदी साठवून विकतात, पण त्या सातबाऱ्याच्या दराने मिळत नाहीत. 'शेवटचा बदल' म्हणून एक तारीख असते. बदलले काय, ते त्यात नसते. मालक बदलला, की नुसता सर्व्हर बदलला, की मुदत वाढवली, काहीच उलगडा होत नाही. चावडीवरच्या नोटिशीसारखे तर काहीच नाही. नोंदणीदाराची ओळख कितपत तपासतात, तेही पाहा. सार्वत्रिक नावांसाठीचा २०१३ चा करार रजिस्ट्रारवर एवढेच बंधन घालतो की ग्राहकाने दिलेला ई-मेल किंवा फोन यांपैकी एक चालतो, याची खात्री पंधरा दिवसांत करावी. पंधरा दिवस इथेही आहेत, पण ते हरकतीसाठी नाहीत. ई-मेल चालू आहे एवढ्यावरून माणूस खरा ठरत असेल तर आपल्याकडच्या सगळ्याच लबाडांना प्रमाणपत्रे द्यावी लागतील.

फेरफार नसल्याचा सर्वांत मोठा फटका तारखेला बसतो. प्रशिक्षणांत शिकवतात : नोंदणीची तारीख पाहा, नाव गेल्या आठवड्यात घेतलेले असेल तर सावध व्हा. हे बरोबर आहे. 'तीस वर्षांची विश्वासार्ह सेवा' असे मिरवणारे नाव मागच्या मंगळवारी जन्मलेले असेल तर काही विचारायलाच नको. परंतु याचा व्यत्यास खरा नाही, आणि विद्यार्थ्यांना विधान व व्यत्यास यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही. जुनी तारीख ही नावाच्या वयाची तारीख आहे, धारकाच्या वयाची नव्हे. मुदत संपलेले नाव पूर्णपणे रद्द होऊन पुन्हा घेतले गेले तर तारीख नवी पडते. मात्र रद्द होण्यापूर्वीच ते लिलावात किंवा थेट सौद्यात दुसऱ्याकडे गेले तर जुनी तारीख तशीच राहते. एखाद्या बंद पडलेल्या शैक्षणिक संस्थेचे पंधरा वर्षांचे नाव असे हातोहात फिरते आणि त्यावर दुसऱ्याच धंद्याचे दुकान उघडते. गट क्रमांक जुनाच, खातेदार नवा, आणि फेरफाराचा क्रमांक कुठेच नाही! जुन्या पुस्तिकांत छापलेले पत्ते वर्गात उघडण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः एकदा पाहावेत, हे यासाठीच.

तारखेच्या बाबतीत आणखी एक बारकावा. नोंदीतील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि शेवटी 'झेड' हे अक्षर असते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. समजा एका नोंदीत ३१ मार्च २०२५, १९ वाजून १० मिनिटे असे लिहिले आहे. आपल्या घड्याळात ती १ एप्रिलची पहाट होते, बारा वाजून चाळीस मिनिटे. तारीखच नव्हे, आर्थिक वर्षही बदलले. तक्रार लिहिताना ही चूक झाली तर पुढचे सगळे कागद एक दिवसाने चुकत जातात.

आता चिकूच्या बागेत जाऊ. डहाणू-घोलवडचा चिकू २०१६ साली भौगोलिक मानांकनाच्या यादीत नोंदला गेला. हे मानांकन महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाने मिळवले आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१४ मध्ये, वारली चित्रकलेलाही मानांकन मिळाले होते. म्हणजे या भागातील दोन नावांना कायद्याने संरक्षण आहे. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयातील वहीत अर्जदार कोण, प्रदेश कोणता, हे कोणीही पाहू शकतो. पण त्या नावाने संकेतस्थळ काढायला या वहीची परवानगी लागत नाही. तिथे नियम एकच : जो पहिला येईल त्याला मिळेल.

किती नावे होऊ शकतात, याचा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. 'डहाणू घोलवड चिकू' हे तीन शब्द रोमन लिपीत लिहायचे आहेत. घोलवडमधला 'व' 'व्ही'ने किंवा 'डब्ल्यू'ने, असे दोन प्रकार. चिकूचा शेवट दोन 'ओ' लावून, एक 'यू' लावून, किंवा मध्ये दोन 'के' घालून, असे तीन. शब्दांमधल्या दोन जागी जोडरेघ द्यायची किंवा नाही, असे चार. दोन गुणिले तीन गुणिले चार म्हणजे चोवीस. शेपटे फक्त पाच धरली, कॉम, इन, को डॉट इन, नेट आणि ऑर्ग, तरी एकशे वीस नावे झाली. शब्दांचा क्रम आपण बदललेलाही नाही. एका नावाला वर्षाला समजा ८०० रुपये पडले तर केवळ आपले नाव राखण्यासाठी संघाला दरवर्षी ९६,००० रुपये मोजावे लागतील. म्हणून कोणीच सगळी नावे घेत नाही, आणि उरलेली मोकळी राहतात.

देवनागरीने हा गुंता सुटेल अशी आशा होती. 'डॉट भारत' हे शेपूट देवनागरीत २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले, मराठीही त्यात आली. आमचे त्याला मनापासून स्वागत आहे, पण गुंता सुटला नाही. त्याने रूप बदलले. 'डहाणू' दीर्घ लिहिले तर एक नाव, ऱ्हस्व लिहिले तर दुसरे. शुद्धलेखनाचा नियम माणसांसाठी आहे, यंत्राला दोन्ही सारखीच मान्य. शिवाय यंत्र ही नावे मुळात रोमन सांकेतिक रूपात साठवते. 'भारत' हे शेपूट त्याच्या लेखी 'एक्सएन' या अक्षरांनी सुरू होणारी, कोणालाही न वाचता येणारी अक्षर-आकड्यांची माळ आहे. काही ठिकाणी नोंद शोधताना तीच माळ समोर येते, आणि मराठी नावाची नोंद वाचायला बसलेला मराठी माणूस बुचकळ्यात पडतो.

दुसऱ्याने नाव बळकावले तर दाद मागता येत नाही असे नाही. १९९९ साली 'रेडिफ' या नावाशी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव घेणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने अटकाव केला होता. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन-नावाला व्यापारी नावासारखेच संरक्षण मिळू शकते असे सांगितले. सार्वत्रिक नावांच्या तंट्यांसाठी १९९९ पासून एक आंतरराष्ट्रीय लवादपद्धतीही आहे. पण ती व्यापारचिन्हावर उभी आहे. भौगोलिक मानांकन तेवढ्यानेच त्या दारातून आत जाऊ शकत नाही. त्यात नोंदणीदार झाकलेला! बागाईतदाराने लढायचे कोणाशी, हे कळण्यासाठीच आधी एक लढाई करायची.

मग नाव झाकणे चूकच का? इथे आम्हाला सरधोपट उत्तर देववत नाही. २५ मे २०१८ रोजी युरोपचा व्यक्तिगत माहितीसंरक्षणाचा कायदा लागू झाला. त्याच्या आठवडाभर आधी आयकॅनने, म्हणजे जगभरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, तात्पुरता नियम काढून नोंदणीदारांची माहिती झाकायला मुभा दिली. त्यापूर्वीची अवस्था आठवा. तलासरीच्या एखाद्या शिक्षिकेने आपले विज्ञानाचे पाठ मांडण्यासाठी पदरचे पैसे खर्चून एक नाव घेतले, तर तिचे घर, तिचा मोबाइल, तिचा ई-मेल जगात कोणालाही एका ओळीत मिळत असे. 'तुमचे संकेतस्थळ बनवून देतो' म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होत. त्याहून वाईट फोनही येऊ शकत. पन्नास फोनधारकांच्या डिरेक्टरीचा नियम कोट्यवधी माणसांना लावण्याचा तो परिणाम होता. तिचे नाव झाकले गेले हे योग्यच झाले.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. तो युरोपीय कायदा हाडामांसाच्या व्यक्तींना संरक्षण देतो. कंपन्या, संस्था यांना नाही. पण नोंदणीदार व्यक्ती आहे की कंपनी, हा भेद करायचा की नाही, हे आयकॅनने रजिस्ट्रारच्या मर्जीवर सोडले. वेगळे करण्यात खर्च आणि जोखीम, सरसकट झाकण्यात काहीच खर्च नाही. मग काय होणार ते उघड आहे. शिक्षिकेसाठी विणलेली चादर दुकानदारानेही पांघरली. जो लोकांकडून पैसे किंवा आधार क्रमांक मागतो त्याने आपले नाव उघड ठेवावे, एवढी साधी मागणी या व्यवस्थेत बसत नाही. दुकानावर पाटी आणि परवाना दर्शनी लावण्याची सक्ती आपण वाण्याला करतो. ती करताना त्याच्या खासगीपणावर घाला पडला असे कोणी म्हणत नाही. व्यक्तीला पडदा आणि व्यापाऱ्याला पाटी, हा भेद सातबारा लिहिणाऱ्यालाही समजला असता.

मग शिक्षकाने काय करावे? आमचे मत असे की नोंद शोधण्याआधी नावच नीट वाचायला शिकवावे, आणि ते उजवीकडून डावीकडे. सबंध पत्त्यात तिरकी रेघ येण्यापूर्वीचा शेवटचा भाग कोणता, तो अधिकाराचा. 'गव्ह डॉट इन' हे शेपूट सरकारी कार्यालयांनाच मिळते. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाचा पत्ता 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असा संपतो, तेव्हा तिथे हूइजची गरजच नाही. लबाडी होते ती टिंब आणि जोडरेघ यांच्या फरकात. 'गव्ह'च्या आधी टिंबाऐवजी जोडरेघ असेल तर ते संपूर्ण एकच नाव झाले, आणि ते कोणालाही विकत घेता येते. तसेच 'गव्ह डॉट इन' हे शब्द पत्त्याच्या मध्येच असतील आणि त्यांच्या उजवीकडे आणखी काही असेल, तर अधिकार त्या उजवीकडच्याचा. फळ्यावर पाच पत्ते लिहून हा खेळ आठवीच्या मुलांकडूनही करून घेता येतो.

शिक्षणसंस्थांसाठीची 'एसी डॉट इन' व 'ईडीयू डॉट इन' ही शेपटे अर्नेट इंडियामार्फतच मिळतात. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये 'बँक डॉट इन' हे राखीव शेपूट आणले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी त्यावर यावे असे सांगितले. नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे दिले. ही दिशा आम्हाला बरोबर वाटते. ओळख आधी तपासायची आणि मगच नाव द्यायचे. जुहूच्या काळातला कडकपणा वेगळ्या वेषात परत आला म्हणा ना!

हूइजकडे वळायचे ते यानंतर, आणि दोन-तीनच प्रश्न घेऊन. नाव कधीचे आहे? फार कोवळे असेल तर नकार द्यायला ते पुरेसे आहे. जुने असेल तर होकार द्यायला पुरेसे नाही. मुदत किती उरली आहे? रजिस्ट्रार कोण आहे? या तिसऱ्या उत्तराशेजारीच बहुतेक नोंदींत एक ओळ असते जी घाईत वाचणारे सोडून देतात : गैरवापराची तक्रार करण्यासाठी रजिस्ट्रारचा ई-मेल आणि फोन. नोंदणीदार झाकलेला असला तरी ही ओळ झाकलेली नसते. सार्वत्रिक नावांच्या बाबतीत ५ एप्रिल २०२४ पासून रजिस्ट्रारवर बंधन आहे की माहिती चोरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नावाचा सबळ पुरावा मिळाला तर त्याने तातडीने कारवाई करावी. तेव्हा पालकाने आणलेला दुवा बनावट निघाला तर केवळ 'उघडू नका' म्हणून थांबू नये. पूर्ण पत्ता जसाच्या तसा उतरून घ्यावा, पडद्याचे चित्र साठवावे, संदेश कधी आला ती वेळ 'भारतीय प्रमाणवेळ' असे स्पष्ट लिहून नोंदवावी, आणि चार ओळींची तक्रार त्या पत्त्यावर पाठवावी. पैसे गेले असतील तर त्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करावा. तिथे पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.